डीडीजे-एफएलएक्स४ आणि रेकॉर्डबॉक्स : टेक्नो वाजवणाऱ्याने काय पाहावं

कंट्रोलरचं (लॅपटॉपला जोडून डीजे ज्यावर गाणी मिसळतो त्या यंत्राचं) परीक्षण म्हटलं की जॉग व्हील (हाताने फिरवायची चकती) किती मोठं, पॅड किती रंगांत उजळतात, इफेक्ट किती आहेत, हीच यादी वाचायला मिळते. टेक्नो वाजवणाऱ्याला त्यातलं निम्मं उपयोगाचं नाही. स्क्रॅच कोणी करत नाही. ट्रॅक सहा-सात मिनिटांचा असतो आणि दोन ट्रॅक एकत्र दीड-दोन मिनिटं चालतात. इतका वेळ दोघांनी एकमेकांच्या पायात पाय न घालता चालायचं, तर दोघांची रचना जुळावी लागते. बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. म्हणून पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ हा कंट्रोलर आणि त्याच्यासोबत चालणारं रेकॉर्डबॉक्स हे सॉफ्टवेअर या जोडीला इथे दोनच गोष्टींवर तपासलंय. ट्रॅकचा पुढचा भाग कुठे सुरू होतो हे वेळेत कळतं का? आणि चुकलंच तर फ्लोअरच्या, म्हणजे नाचणाऱ्यांच्या, लक्षात यायच्या आत सावरता येतं का?

जुजबी माहिती आधी उरकून घेऊ. एफएलएक्स४ २०२३ च्या सुरुवातीला आला. दोन चॅनेल, तीन बँडचा ईक्यू (खालचा, मधला, वरचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करणारा), प्रत्येक डेकला (एक ट्रॅक वाजवणाऱ्या बाजूला) आठ पॅड, वजन २.१ किलो. वीज लॅपटॉपच्या यूएसबीवरूनच मिळते. हा जोडला की रेकॉर्डबॉक्सचा परफॉर्मन्स मोड (प्रत्यक्ष वाजवायचा भाग) वेगळे पैसे न भरता खुला होतो. सेराटो डीजे लाइट हे दुसरं सॉफ्टवेअरही चालतं, पण इथे विचार रेकॉर्डबॉक्सचाच आहे. कारण उद्या वागातोर-हणजूणच्या एखाद्या क्लबात सीडीजेवर (लॅपटॉपशिवाय पेनड्राइव्हवरून वाजवणाऱ्या प्लेअरवर) उभं राहायचं झालं, तर तीच तयारी पेनड्राइव्हवर नेता येते.

आता रचनेकडे. टेक्नो चार-चारच्या ठेक्यात असतो, एका बारमध्ये चार बीट. बदल मात्र बाराबाराला होत नाहीत, ते ८, १६ किंवा ३२ बारच्या टप्प्यावर होतात. हा टप्पा म्हणजे फ्रेज. भजनाला बसणाऱ्याला सम कुठे येणार हे जसं न मोजता कळतं, तसंच नाचणाऱ्याला फ्रेजचा पहिला ठोका कळतो. बीपीएम (मिनिटाला किती बीट तो वेग) चोख जुळलेले, किकवर किक (ड्रमचा खालचा जड ठोका) बसलेली, आणि तरीही मिक्स उपरा वाटतो, तेव्हा नव्वद टक्के वेळा एक ट्रॅक फ्रेजच्या पहिल्या बारवर असतो आणि दुसरा पाचव्यावर. सिंकचं बटण इथे काही करत नाही. ते किक जुळवतं. फ्रेज पाहणं तुमचं काम.

हिशेब एकदा कागदावर मांडला की पुढचं सोपं जातं. १३४ बीपीएमला एक बार १.७९ सेकंदांचा, १६ बार साधारण २८.७ सेकंदांचे आणि ३२ बार ५७ सेकंदांचे. २२४ बारचा एक नमुनेदार ट्रॅक घ्या, लांबी ६ मिनिटं ४१ सेकंद. पहिले ३२ बार नुसते ड्रम. १:५५ पर्यंत त्यात बेस आणि हॅट (झांजेचा बारीक आवाज). २:५२ पर्यंत मुख्य सिंथ (सिंथेसायझरची सुरावट). मग १६ बारचा ब्रेक (किक थांबते तो भाग), ३:२१ ला किक परत, ६४ बार पूर्ण जोर. ५:१५ ला सिंथ आणि वरचे थर गळू लागतात, ५:४४ ला बेसही जातो आणि शेवटचे ३२ बार पुन्हा नुसते ड्रम.

शिकवणारे सांगतात, आउट्रोवर (ट्रॅकच्या शेवटच्या भागावर) इंट्रो (सुरुवातीचा भाग) टाका. याच ट्रॅकवर ते करून पाहा. ५:४४ ला जुन्याचा आउट्रो सुरू झाला की नव्याचा ३२ बारचा इंट्रो सोडला. दोन्हीकडे नुसते ड्रम. बेस नाही, सुरावट नाही, असे तब्बल ५७ सेकंद. घरी हेडफोनवर हे नीटनेटकं वाटतं. पण उघड्यावर, संध्याकाळी, समोर दीडशे माणसं उभी असताना हे मिनिट खायला उठतं. लोक प्यायला वळतात ते नेमकं याच मिनिटात. नवा ट्रॅक १६ बार आधी, म्हणजे ५:१५ ला सोडा. मग त्याचा इंट्रो जुन्याच्या गळत्या भागाखाली शिरतो आणि नव्याचा बेस ६:१२ ला येतो, तेव्हा जुन्याचे १६ बार अजून शिल्लक असतात. खालच्या बँडची (लो) अदलाबदल तिथे करायची आणि जुन्याचे हॅट उरलेल्या १६ बारांत हळूहळू काढून घ्यायचे. रिकामा काळ अर्ध्यावर, २९ सेकंदांवर आला. तेवढा चालतो, उलट बरा वाटतो. तोही नको असेल तर नवा ट्रॅक पहिल्या ठोक्यापासून न सोडता त्याच्या १७ व्या बारवरून सोडा आणि सोडायची जागा तीच ठेवा. मग जुन्याचा बेस जातो त्याच ठोक्याला नव्याचा येतो.

दुसरा घोळ याहून वाईट. जुन्याचा ब्रेक चालू आहे आणि नव्याचाही ब्रेक त्यातच येऊन पडला. दोन्ही किक एकदम गायब. स्पीकरमधून फक्त रिव्हर्ब (घुमणारा आवाज), आणि लोक स्टेजकडे बघताहेत की वीज गेली की काय. (पावसाळ्यात खरंच गेलेली असू शकते, तो भाग निराळा.) म्हणून नव्या ट्रॅकचा पहिला ब्रेक किती बारांनी येतो, हे तो सोडण्याआधीच ठाऊक हवं.

आता रेकॉर्डबॉक्स यात किती मदत करतं ते पाहू. प्रेफरन्सेसमध्ये अ‍ॅनालिसिसखाली ‘फ्रेज’ ही खूण चालू केली की वेव्हफॉर्मबरोबर (आवाजाच्या आलेखाबरोबर) रंगीत पट्टी येते: इंट्रो, अप, डाउन, कोरस, आउट्रो. ज्या ट्रॅकमध्ये ठळक ब्रेक आणि ठळक ड्रॉप (ब्रेकनंतर किक परत येते ती जागा) आहे, तिथे ही पट्टी चांगली कामाला येते. मोठ्या फेस्टिव्हलसाठी बनवलेला टेक्नो, मेलडिक टेक्नो, यांत ब्रेकची सुरुवात आणि शेवट नजरेच्या टप्प्यात येतात. पण संमोहक, सरळसोट टेक्नो घ्या. डेट्रॉइटच्या मिनिमल घराण्यातला, ज्यात सात मिनिटांत एक हॅट वाढते आणि एक फिल्टर अर्धा उघडतो. तिथे पट्टीवर विश्वास टाकू नका. अशा ट्रॅकमध्ये आवाजाची पातळी जवळपास सपाट असते, मग यंत्राने कोरस ओळखायचा कशावरून? त्यात सिंथचा लूप (पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा) तीन किंवा पाच स्टेपचा असून तो चारच्या ठेक्यावर घसरत जात असेल, तर कानालाही फ्रेज पटकन सापडत नाही. अशा वेळी क्लॅप (टाळीसारखा आवाज), राइड आणि क्रॅश (दोन्ही झांजा) यांच्यावर लक्ष ठेवा. घसरणारा लूप दिशाभूल करतो, पण नवा हॅट किंवा राइड जवळजवळ नेहमी ८ च्या पटीत बार झाल्यावरच आत येतो.

पट्टीपेक्षा तीन बँडचा वेव्हफॉर्म जास्त खरं बोलतो. निळा म्हणजे खालचा भाग, नारिंगी मधला, पांढरा वरचा. निळा जिथे तुटतो तिथे किक गेली. निळा दोन किकांच्या मधल्या फटीतही भरलेला दिसला, तर ट्रॅकमध्ये रंबल (किकांमधला खालचा घुमारा) आहे. ही खूण लक्षात ठेवा, पुढे ईक्यूच्या वेळी लागेल.

ग्रिड आधी, बाकी सगळं नंतर

फ्रेज, क्यू, लूप, उडी हे सगळं बीटग्रिडवर (सॉफ्टवेअरने ट्रॅकवर आखलेल्या ठोक्यांच्या रेषांवर) उभं आहे. ग्रिड चुकलं की सगळंच फसतं, म्हणून याला वेळ द्यावा. चुका तीन तऱ्हेच्या होतात.

पहिली, बीपीएममध्ये सूक्ष्म फरक. संगणकावर बनवलेला ट्रॅक बहुधा पूर्णांकी बीपीएमचा असतो. विश्लेषणाने १३३.९८ दाखवलं तर ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून सोडू नका. ०.०२ चा फरक ६ मिनिटं ४० सेकंदांत साठ मिलिसेकंदांवर जातो. ट्रॅकच्या सुरुवातीला सिंक चोख आणि आउट्रोला किक दुहेरी, असं होतं ते यामुळेच, आणि मिक्स नेमका आउट्रोला करायचा असतो. १३४.०० हाताने टाका, पहिल्या किकवर ग्रिड बसवा आणि मग थेट शेवटच्या किकपाशी जाऊन रेषा तिच्या टोकावर आहे का ते पाहा. मधलं तपासायची गरज नाही.

दुसरी, बारचा पहिला ठोका चुकीचा. लाल खूण दुसऱ्या किंवा तिसऱ्या बीटवर बसलेली असते. किक सगळ्या सारख्याच दिसतात, त्यामुळे डोळ्याला कळत नाही. क्लॅप २ आणि ४ वर येतो, त्यावरून पडताळा. क्लॅपच नसेल तर पहिला नवा आवाज कोणत्या ठोक्यावर शिरतो ते बघा, तो १ असतो. हॅट दोन किकांच्या मध्ये वाजते. कधी ग्रिड त्या हॅटलाच किक समजून अर्धा बीट सरकलेलं असतं, तेही इथेच सापडतं.

तिसरी, जुन्या व्हायनलवरून उतरवलेले ट्रॅक. त्यांचा वेग हलतो. अशांसाठी विश्लेषण ‘डायनॅमिक’वर ठेवा, बाकीच्या सगळ्यांसाठी ‘नॉर्मल’. उगाच सगळ्यांना डायनॅमिक लावलंत तर चांगल्या ट्रॅकचंही ग्रिड वेडंवाकडं व्हायचा धोका असतो. एकदा दुरुस्त केलं की उजव्या क्लिकने ‘अ‍ॅनालिसिस लॉक’ चालू करा. नाहीतर पुढे कधी संपूर्ण संग्रहाचं पुन्हा विश्लेषण चालवलंत की केलेली मेहनत पाण्यात.

हॉट क्यू (बटण दाबताच ट्रॅक जिथे उडी घेतो ती खूण) लावायची पद्धत ज्याची त्याची, पण टेक्नोसाठी क्रम निश्चित असावा. अ, ब, क या पहिल्या तीन जागा सर्वांत महत्त्वाच्या. अ वर पहिली किक. ब वर बेसचा प्रवेश. क वर बाहेर पडायला सुरुवात करायची जागा, वरच्या उदाहरणात ५:१५. त्यानंतर ब्रेकची सुरुवात आणि ब्रेकचा शेवट. हा आग्रह पहिल्या तिघांसाठी का? कारण सीडीजे-२००० नेक्सससारख्या जुन्या यंत्रावर हॉट क्यूची तीनच बटणं असतात आणि अशी यंत्रं अजून वापरात आहेत. कॉमेंटच्या रकान्यात रचना लिहून ठेवा: ३२-३२-३२-१६-६४-१६-३२. सेट चालू असताना पुढचा ट्रॅक निवडायला ही आकड्यांची ओळ कोणत्याही रंगीत पट्टीपेक्षा कामाची. २४ किंवा ३६ बारचा एखादा तुकडा असेल तर त्याच्यापुढे उद्गारचिन्ह ठोका. काही निर्माते ड्रॉपच्या आधी मुद्दाम एक जादा बार किंवा दोन बीटांची शांतता ठेवतात. त्यानंतरची तुमची सगळी मोजणी तेवढ्याने सरकते.

हाताखालचं यंत्र

इथे एफएलएक्स४ चा खरा गुण दिसतो: पॅडवरचा बीट जंप (ठरावीक बीट पुढे-मागे उडी). नवा ट्रॅक चार बार उशिरा सोडला गेला? तो अजून हेडफोनमध्येच आहे किंवा त्याची फक्त हॅट बाहेर येतेय, तोवर १६ बीट पुढे उडी मारा. ग्रिड बरोबर आणि क्वांटाइझ (प्रत्येक कृती ठोक्यावर बसवणारी सोय) चालू असेल तर ठेका तसूभरही हलत नाही. एक बार चुकला असेल तर ४ बीट. उडीचा आकार बदलता येतो, तो घरीच ठरवून ठेवा. ऐन वेळी आकार बदलत बसलात तर फ्रेज निघून जाते. एक पथ्य पाळा: नव्या ट्रॅकचा बेस उघडल्यावर उडी मारायची नाही. किकची शेपूट मध्येच कापली जाते आणि मोठ्या सबवर (सबवूफरवर) तो धक्का स्पष्ट जाणवतो.

लूप लागतो तो आखूड ट्रॅकसाठी. स्ट्रीमिंगसाठी कापलेल्या साडेतीन मिनिटांच्या आवृत्तीत इंट्रो ८ बारचा, म्हणजे १४ सेकंदांचा. एवढ्यात धड मिक्स होत नाही. शक्यतो एक्स्टेंडेड किंवा ओरिजिनल मिक्सच विकत घ्या. नसेलच मिळत तर सुरुवातीला १६ बीटचा लूप लावा आणि चार फेऱ्या होऊ द्या. आठ बारांतले पहिले चार घ्यायचे, शेवटचे चार नाही. आठव्या बारच्या शेवटी हमखास एखादी फिल किंवा उलटी झांज असते. ती लूपमध्ये अडकली की दर सात सेकंदांनी ‘आता काहीतरी होणार’ असं सांगते आणि काहीच होत नाही. लूप सोडायचा तो मास्टरवर (बाहेरच्या स्पीकरवर) चालू असलेल्या ट्रॅकच्या फ्रेजवर. आपल्या फेऱ्या मोजत बसू नका.

ईक्यू. आजच्या टेक्नोत किकला भरपूर रिव्हर्ब देऊन, तो साइडचेनने (किक वाजताना दुसरा आवाज आपोआप खाली घेऊन) किकांच्या मधल्या फटींत दाबून बसवतात. हाच रंबल. असे दोन ट्रॅक एकत्र उघडे ठेवले की खाली नुसता चिखल. त्यातही ५० हर्ट्‍झच्या लाटेचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे दोन किक १० मिलिसेकंदांनी जरी पुढेमागे झाल्या तरी त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि किक पोकळ होते. आणि त्या तंतोतंत जुळल्या तर? पातळी ६ डेसिबलपर्यंत वर जाते, लिमिटर (पातळी मर्यादेत ठेवणारा) दाबतो आणि सगळंच बसल्यासारखं वाटतं. दोन्हीकडून तोटाच. म्हणून रंबलवाल्या ट्रॅकमध्ये बेसची अदलाबदल सावकाश करू नये. नव्याचा लो पूर्ण बंद, फ्रेजच्या पहिल्या ठोक्यावर एकाचा लो खाली आणि दुसऱ्याचा मध्यावर, एका बीटच्या आत. एफएलएक्स४ च्या नॉब एकमेकींपासून पुरेशा अंतरावर आहेत, दोन्ही हातांनी हे जमतं. मधला बँड मात्र अख्ख्या १६ बारांवर पसरून हलवावा, तिथे घाई केली तर सिंथ दार आपटून आत आल्यासारखा वाटतो.

अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे स्मार्ट फेडर. फेडर सरकवला की आवाज, बेस आणि बीपीएम आपोआप बदलतात, वर इकोची फोडणी. पॉप, बॉलीवूड, लग्नाच्या हॉलमध्ये वेगवेगळ्या वेगाची गाणी जोडायला ठीक. टेक्नोत ते बंदच बरं. बेस कधी बदलायचा हे फ्रेजने ठरवायचं असतं आणि इथे ते फेडरची जागा ठरवते. स्मार्ट सीएफएक्सही तसंच, एका नॉबला अनेक इफेक्ट बांधलेले. साधा फिल्टर पुरतो.

टेम्पो स्लायडर सीडीजेच्या मानाने आखूड आहे. त्यामुळे पल्ला ±६ टक्क्यांवर ठेवा, म्हणजे हलका हात चालतो. मास्टर टेम्पोबद्दल (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) एक सल्ला: तीन टक्क्यांपर्यंतचा फरक असेल, जसं १३४ वरून १३८, तर तो बंद ठेवून बघा. सूर अर्ध्या सेमीटोनने सरकतो, टेक्नोत तो सहसा खटकत नाही आणि किकची धार टिकते.

गोव्यात सायट्रान्सशी (टेक्नोहून वेगवान नृत्यसंगीताशी) गाठ पडणारच, म्हणून एवढं सांगायला हवं. १४२ चा साय ट्रॅक १३४ वर आणला तर बदल ५.६ टक्के, ±६ च्या पल्ल्यात जेमतेम मावतो, आणि मास्टर टेम्पो बंद असेल तर सूर जवळपास नेमका एक सेमीटोन उतरतो. की (ट्रॅकचा मूळ सूर) जुळवताना हे हिशेबात धरा. सायमध्ये दोन किकांच्या मधल्या तिन्ही सोळाव्या भागांवर बेस भरलेला असतो. टेक्नोत बेसला श्वास घ्यायला जागा असते, इथे नसते. त्यामुळे दोन साय ट्रॅकचे बेस क्षणभरही एकत्र चालत नाहीत. शिवाय सायचा इंट्रो कित्येकदा किकशिवाय मिनिटभर चालतो आणि ग्रिड तिथे हवेत बसतं. पहिल्या खऱ्या किकवर ते हाताने बसवा आणि हॉट क्यू अ तिथेच ठेवा.

दहा वाजता संपवायचं आहे

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी मध्यरात्रीपर्यंत सवलत द्यायचा अधिकार राज्याला आहे, तोही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. त्यामुळे किनाऱ्यावरचा सेट दुपारी सुरू होऊन रात्री दहाला संपतो, आणि संपतो म्हणजे संपतो. साउंडवाला ९:५९ ला हात मास्टरवर ठेवून उभा असतो. अशा वेळी रचना पाठ असलेल्याचं फावतं. वरचा ६:४१ चा ट्रॅक ९:५३ ला सुरू झाला तर ९:५९:४१ ला आपल्या आउट्रोनिशी संपतो आणि त्याचा ड्रॉप ९:५६:२१ ला येतो. घड्याळाशी गणित जुळलं नाही तर हॉट क्यू क कामाला येतो. ५:१५ पासून शेवटापर्यंत ८६ सेकंद आहेत. नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांच्या सुमारास जी फ्रेज सुरू होईल, तिच्या पहिल्या ठोक्यावर तो दाबा, ट्रॅक स्वतःच्या पायांनी संपेल.

मॉनिटरचा प्रश्न इथे मोठा. एफएलएक्स४ ला बूथ आउटपुट (डीजेजवळच्या स्पीकरसाठीचा जोड) नाही, मास्टरचा एकच आरसीए जोड आहे. मुख्य स्पीकर १० मीटरवर असतील तर आवाज कानावर २९ मिलिसेकंद उशिरा येतो. त्या आवाजाला हेडफोनमधला ट्रॅक जुळवलात तर मिक्स तेवढाच चुकतो. मास्टर क्यू चालू करून दोन्ही ट्रॅक हेडफोनमध्येच ऐका. हेडफोनचा जॅक फक्त ३.५ मिमीचा आहे. जाड पिनेचा हेडफोन असेल तर कन्व्हर्टर दोन ठेवा, तो वाळूत पडला की सापडत नाही.

आरसीएची केबल लांब ओढू नये, तीन-चार मीटर पुरे. पुढे डीआय बॉक्स (लांब केबलसाठी सिग्नल बदलून देणारा डबा) आणि तिथून एक्सएलआर केबल. शॅकच्या (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलच्या) वायरिंगला अर्थिंग धड नसेल तर लॅपटॉपचा चार्जर लावताक्षणी स्पीकरमधून घूंऽऽ सुरू होतं. डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट दाबा. तरीही राहिलं तर चार्जर काढून बॅटरीवर वाजवा. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतही बॅटरीच तारते.

काणकोणच्या बाजूला हेडफोन पार्ट्या होतात, तिथे सब नसल्यामुळे रंबलचा चिखल कमी ऐकू येतो. पण फ्रेजची चूक उलट जास्त टोचते, कारण प्रत्येकाच्या कानात ती थेट पोचते.

क्लबसाठी पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, तो जुन्या-नव्या सगळ्या सीडीजेवर चालतो. फाइल शक्यतो एआयएफएफ प्रकारची. फ्लॅक सीडीजे-२००० नेक्सस२ पासून पुढे चालतं, त्याआधीच्या यंत्रांवर नाही. फ्रेजची पट्टी सीडीजे-३००० वर दिसते. हातात काय यंत्र येईल याचा भरवसा नसेल तर हॉट क्यू आणि आकड्यांची ओळ, एवढ्यावरच विसंबा. दुसरा पेनड्राइव्ह हुबेहूब तसाच, वेगळ्या खिशात.

घ्यावा की नाही? घरी रचना शिकायला, ग्रिड-क्यूची तयारी करायला, म्हापशा-फोंड्याच्या छोट्या कार्यक्रमांना, शॅकवरच्या सूर्यास्ताच्या सेटला, खुशाल घ्या. या वर्गात बीट जंप इतका हाताशी आणि रेकॉर्डबॉक्स खुलं, हा सौदा बरा आहे. तीन ट्रॅक एकावर एक चढवायचे असतील, म्हणजे एकाचा ठेका, दुसऱ्याचा सिंथ आणि तिसऱ्याची हॅट, तर दोन चॅनेल तोकडे पडतात. सॅम्पलरमध्ये (छोटे तुकडे साठवून वाजवणाऱ्या भागात) चार बारचा हॅट-लूप ठेवून वेळ मारून नेता येते, पण त्याला स्वतंत्र ईक्यू नाही. तसं वाजवणाऱ्याने चार चॅनेलच्या कंट्रोलरसाठी पैसे साठवावेत. बेसच्या बाबतीत फारच चोखंदळ असाल तर अ‍ॅलन अँड हीथच्या एक्सोन:९२ मिक्सरचा चार बँडचा ईक्यू एकदा हाताळून बघा. किक आणि रंबल वेगवेगळे धरता येतात. नंतर तीन बँडवर परतताना जीवावर येतं, एवढं ध्यानात ठेवा.

याच घराण्यातला आधीचा डीडीजे-४०० जुन्या बाजारात दिसतो. त्यालाही रेकॉर्डबॉक्स खुलं होतं आणि टेक्नोसाठी लागणारं जवळपास सगळं त्यात आहे. किनाऱ्याजवळ वापरलेला असेल तर खारी हवा आधी फेडरमध्ये शिरते. घेण्यापूर्वी एक ट्रॅक लावा, टेम्पो स्लायडर मध्यावर सोडून दोन मिनिटं फक्त बीपीएमचा आकडा बघत राहा. हात न लावता तो १३४.०० आणि १३४.०५ मध्ये नाचत असेल तर स्लायडर गेलेला आहे. मग दोन्ही चॅनेलचे लो नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा, खरखर आली तर किंमत पाडून मागा. यूएसबीचं चौकोनी तोंड हलवून बघा. तिथे सैल असेल तर फुकटही घेऊ नका.